ओली वाळू

“एकच पान मागतोय, बाबा. एका पानाला नाही म्हणता?”

“नाही कुठं म्हटलं?” कमालशाबाबा म्हणाले.

आंबोलीच्या वर, धुक्यातल्या एका तकियात, फकिराच्या मठीत, बाबा राहत. त्यांच्यापाशीच राहणारा मी ओट्यावर दोरी वळत बसलो होतो. समोर अच्युत सामंत, सावंतवाडीचे. पायाशी पिशवी, पिशवीत कुंडी. कुंडीत काळा पडलेला, मऊ झालेला कंद.

तो बिगोनिया होता. पानाची एक बाजू मोठी, एक लहान. मधोमध रुपेरी, कडेला डाळिंबी. फुलाकडं कुणी बघत नसे, पानाकडंच बघायचे. ते झाड मूळचं बाबांच्या खिडकीतलं. कुणी मागितलं की बाबा एक पान खुडून देत. पानाच्या शिरांवर पातं फिरवायचं, पान ओल्या वाळूवर पसरायचं, वर दोन खडे ठेवायचे. जिथं शीर कापली, तिथूनच रोप उठतं.

अच्युतरावांना बाबांनी असंच पान दिलं होतं, आठ वर्षांपूर्वी.

“कशानं गेलं?” बाबांनी विचारलं.

“काही कमी केलं नव्हतं मी. पानं पुसत होतो रोज. गेल्या झाडांच्या प्रदर्शनाला तर…”

“तर?”

“चमकावीत म्हणून खोबरेल लावलं.”

बाबांनी कंदावरून बोट फिरवलं. लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

“पानाला लव असते, अच्युत. त्यातनं ते श्वास घेतं.”

“चुकलं. म्हणून तर आलो. तुमच्या खिडकीतलं एक पान द्या, पुन्हा करतो.”

बाबांनी मान वळवली.

अच्युतरावांनी तेव्हा कुठं खिडकीकडं नीट पाहिलं. खिडकीत कुंडी नव्हती. मातीचं पसरट ताट होतं. त्यात वाळू.

“झाड कुठाय?”

“दोन वर्षं झाली. श्रावणात कौल सरकलं, आठ दिवस थेंब पडत राहिला. मला ताप होता. उठलो तोवर कुजलं होतं.”

“मग दुसऱ्या कुणाकडून आणायचं! इतक्यांना दिलीत पानं.”

“घाटाखालच्या उन्हाळ्यानं सगळ्यांची गेली. तुझंच जगलं होतं.”

तेवढ्यात जैतुनबी चहा घेऊन आली. तकियातला स्वयंपाक ती बघायची. तिनं कप ठेवला, अच्युतरावांकडं पाहिलं आणि पदर सावरला.

“ओळखलं का, साहेब?”

“नाही बुवा.”

“मी ओळखलं. तुमच्या दारात चप्पल काढली, तश्शीच घालून आले होते.”

“कधी?”

“दोन वर्षांमागं. एक पान द्या म्हटलं. तुम्ही चहा दिलात, बिस्किट दिलंत. बक्षिसाचे कप दाखवलेत एकेक. पान तेवढं राहिलं.”

अच्युतरावांनी पिशवी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, “दहा दिवसांवर प्रदर्शन होतं. झाड चहूबाजूंनी भरलेलं लागतं. एक पान खुडलं तरी भोक दिसतं… मी म्हटलं होतं, प्रदर्शन झालं की बघू.”

“म्हटलं होतं की. जसंच्या तसं येऊन सांगितलं मी बाबांना.”

“बाबांना?”

“मग मी काय माझ्या हौसेनं घाट उतरले होते?” जैतुनबी म्हणाली आणि आत गेली.

अच्युतरावांचा हात कपाकडं गेला होता. तिथंच थांबला.

“तुम्ही पाठवलं होतं तिला?”

बाबांनी मान हलवली.

“मग तिनं तुमचं नाव का नाही सांगितलं? नुसतं नाव घेतलं असतं तरी सगळं झाड दिलं असतं मी!”

“मीच म्हटलं होतं, नाव घेऊ नकोस.”

“का पण?”

“तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी तुझं नाव विचारलं होतं का?”

…

चहावर साय धरली. बाहेरचं धुकं उंबऱ्यापर्यंत आलं. माझ्या हातातला पीळ सुटला, तो मी पुन्हा घातला नाही.

अच्युतरावांनी कुंडी पिशवीत घातली. पुन्हा बाहेर काढली. परत घातली.

“आता कुठंच नाही ते झाड?”

“मला ठाऊक नाही, बाळ. असेल तर चांगलं.”

बाबा भिंतीला धरून उठले. खिडकीशी गेले. तांब्यात बोटं बुडवून त्यांनी ताटातल्या वाळूवर पाणी शिंपडलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. रोज सकाळी शिंपडायचे, मी बघत आलो होतो. कधी विचारलं नव्हतं.

अच्युतराव जवळ जाऊन वाकले.

“बाबा… यात तर काहीच नाही.”

“नाही.”

“मग पाणी कशाला?”

बाबांनी ओली बोटं कफनीला पुसली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तू म्हणाला होतास ना, प्रदर्शन झालं की बघू…” ते म्हणाले. “झालं का रे?”