पुलाच्या खांबावरचा आकडा

“...पण उस्ताद, मग चौथ्या प्रश्नाला गुण का नाहीत?”

“तपासायचा राहिलाय.”

“सगळा पेपर तपासलात, आणि तेवढाच राहिला?”

उस्तादांनी पेपर टेबलावर पालथा ठेवला.

मी मदरशाचा बावर्ची. वर्गाला लागूनच माझी चूल, त्यामुळं नको म्हटलं तरी सगळं कानावर पडतं. हा सुहेल जमादार आमचा सगळ्यात हुशार गडी. नेमकं आणि देखणं बोलायची अरबी विद्या असते, बलागत म्हणतात तिला. तिच्यात पठ्ठ्या तीन वर्षं पहिला. पण हुशारी नुसती नाकावर बसलेली! मी भात वाढला तरी त्यात दोन चुका काढायचा.

चौथा प्रश्न असा होता : माणूस कधी कधी प्रश्न विचारतो, पण त्याला उत्तर नको असतं, दुसरंच काही हवं असतं. त्याचे प्रकार लिहा.

सुहेलनं चौदा लिहिले होते. टोमणा, नवल, तक्रार, विनवणी, काय न् काय.

“एक तरी चुकलाय का?”

“नाही.”

“मग?”

तेवढ्यात फोन वाजला.

सकाळपासून नदी चढत होती. आमचा मदरसा टेकावर. गच्चीवरून पुलाच्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे स्वच्छ दिसतात, म्हणून पूर आला की सगळं गाव इथंच फोन करतं. बेचाळीसला कुंभारगल्लीत पाणी शिरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

“आज फोन तू घे,” उस्ताद म्हणाले आणि खालच्या फळीवरची पुस्तकं वर चढवायला लागले.

सुहेलनं फोन घेतला. बाईमाणूस होतं. पाणी किती झालं म्हणून विचारत होतं. हा जिना चढून गेला, बघून आला.

“एकोणचाळीस फूट दोन इंच. वाढ संथ आहे, पण अखंड आहे.”

मी आतून म्हटलं, वा रे वा! पूर आलाय की मुशायरा?

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. पुन्हा जिना. चाळीस फूट.

मग तिसरा. चाळीस फूट सात इंच.

चौथ्यांदा फोन ठेवला तेव्हा सुहेलचं डोकं फिरलं होतं.

“कुंभारगल्लीतली एकच बाई आहे, उस्ताद! इंदूताई कुंभार. चार वेळा तोच प्रश्न. चार वेळा बिनचूक आकडा सांगितला. आता एक्केचाळीस झालेत म्हटलं. तरी म्हणते, अजून वाढंल काय हो? हे मला काय ठाऊक?”

उस्तादांचा हात पुस्तकावरच थांबला.

“कुंभारगल्ली सकाळीच रिकामी झाली ना?”

“हो. सगळे शाळेत गेलेत.”

“मग ही घरात काय करते?”

“ते... नाही विचारलं.”

“आवाज कसा होता?”

“हळू. मागं कुणीतरी कण्हत होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या फोनपासून.”

उस्तादांना चिडलेलं मी वीस वर्षांत बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. ओरडले नाहीत. टेबलावरचा पेपर उचलून सुहेलपुढं धरला आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं. नुसतं बोट.

सुहेलचं तोंड पांढरंफटक पडलं. तो चपला न घालताच पळाला. त्याच्यामागं वरच्या वर्गातले तिघं, आणि त्यांच्यामागं मी, हातात उलथनं तसंच.

गल्लीत पाणी अजून नव्हतं, पण तोंडाशी येऊन ठेपलं होतं. इंदूताई दारातच उभी. नवरा म्हशी माळावर सोडायला गेलेला, मागं ओढ्यावर पाणी चढलं, तो तिकडंच अडकला. आत बाजेवर सासू. खुब्याचं हाड मोडलेलं, कूस बदलायची तरी चोरी.

“अहो ताई, माणसं पाठवा म्हणायचं की!” मी म्हणालो.

“कसं म्हणू, दादा? आज ज्याला त्याला आपापल्या घराचं पडलंय.”

सुहेल थेट आत शिरला. बाजेचा एक कोपरा खांद्यावर घेतला. बाकीच्या तिघांनी तीन कोपरे धरले. म्हातारी वाटभर बोंबलत होती, “माझी कवळी राहिली! अरे मुडद्यांनो, कवळी राहिली माझी!”

शिव्या ऐकून माझ्या जिवात जीव आला. एवढ्या जोरात भांडणारं माणूस आज मरत नसतं.

पोरं बाज घेऊन मदरशाच्या दारात पोचली, तेव्हा खाली कुंभारगल्लीत पाणी शिरलं होतं.

म्हातारीला वर्गात निजवलं. मी चहा केला. इंदूताईनं कप हातात घेतला, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू तेव्हा कुठं आलं. रडता रडता, अजून कवळीसाठी कुरकुरणाऱ्या सासूकडं बघून हसायलाही लागली. सगळेच हसलो. फार बरं वाटलं, खरंच सांगतो.

उस्तादांनी पेपर ओढला, पेन काढलं आणि चौथ्या प्रश्नापुढं काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते बघायला सुहेल आलाच नाही. तो म्हातारीच्या उशाखाली नीट घडी घालून चादर सरकवत होता.

मग पुन्हा फोन वाजला.

सुहेलनं झेप घालून उचलला.

“बोला! घरात कोण कोण आहे? कुणी आजारी? उचलायला माणसं पाठवू? संकोच करू नका, अगदी मोकळेपणानं सांगा!”

पलीकडून असा आवाज आला की मला चुलीपाशी ऐकू गेला. पेन्शनर घोरपडे गुरुजी. ते टेकावरच राहतात, आमच्याहून उंच.

“अरे, आम्ही सगळे ठणठणीत आहोत! पाणी किती झालं ते सांग आधी!”

सुहेलनं फोनवर हात ठेवला. घाम पुसला. उस्तादांकडं वळून हळूच विचारलं,

“उस्ताद... हा कोणता प्रकार?”

उस्ताद म्हणाले, “हा प्रश्न आहे, बाळा. पळ गच्चीवर.”