अजून एक हात

“चाचा, खर्जावर अजून एक हात फिरवू का?”

विश्वजितने हे विचारलं तेव्हा कानस त्याच्या हातातच होती. पुढ्यात नवा तानपुरा आडवा. चौथी, जाड तार म्हणजे खर्ज, ती बाजूला सरकवलेली. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी तेवढ्या जागी उघडी पडलेली.

दस्तगीरचाचा दारातल्या उन्हात बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुला काय वाटतं?”

“थोडा बंद वाजतोय. पण तुम्ही सांगाल तसं.”

“फिरव,” चाचा म्हणाले.

मिरजेच्या त्या गल्लीत दस्तगीरचाचांचा कान म्हणजे शेवटचा शब्द. आणि विश्वजित आवटी त्यांचा सहा वर्षांचा शिष्य. पोरगा हुशार, यात वादच नाही. कॉलेज अर्धवट टाकून, घरच्यांशी भांडून इथे आला होता. हात असा तयार झाला होता की गल्लीतले म्हातारे कारागीरही काम बघायला थांबायचे. आणि ते थांबले की स्वारीची मान ताठ व्हायची, तेही खरं.

पण एक सल होता. सहा वर्षांत त्याच्या हातून जेवढे तानपुरे उतरले, त्या सगळ्यांच्या दांडीमागे पट्टी लागली ती ‘दस्तगीर’ अशी.

आठ दिवसांपूर्वी चाचा आपणहून म्हणाले होते, “शुक्रवारी धारवाडच्या वत्सलाबाई नाडगीर येतायत. तानपुरा निवडायला. तुझा पुढे ठेवू. कुणाचा ते सांगायचं नाही. बाईंनी तो उचलला, तर पट्टी तुझ्या नावाची.”

विश्वजितने त्याच संध्याकाळी पितळेची पट्टी कोरून आणली. कुणाला दाखवली नाही. आठ दिवस ती शर्टाच्या खिशात होती, आणि दिवसातून दहा वेळा हात तिकडे जात होता.

आज शुक्रवार. बाई चारला येणार होत्या.

त्याने कानशीचा एक हात फिरवला. भुकटी फुंकली. तार जागेवर आणली, सुरात लावली. मग तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा धागा सरकवला. त्या धाग्याला कारागीर ‘जीव’ म्हणतात. तो केसभर इकडे, केसभर तिकडे करत त्याने तार छेडली.

अहाहा!

खर्ज असा उघडला की विश्वजितच्या अंगावर काटा आला. सूर उठला, खोलीभर फिरला आणि किती तरी वेळ गेलाच नाही.

पुरे, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. पुरे, आता हात लावू नकोस.

पण लगेच दुसरं काहीतरी आलं. बाईंचा कान म्हणजे गंमत नव्हे. आणखी थोडा उघडला तर? आणि नाही उघडला तर? एवढ्यासाठी राहिलं तर? त्याने खिसा चाचपला.

“चाचा… अजून एक?”

“फिरव.”

त्याने फिरवला. तार लावली. छेडली.

पत्रा वाजावा तसा आवाज आला.

त्याने धागा वर सरकवला. खाली सरकवला. तार उतरवली, पुन्हा चढवली. काही केल्या सूर उठेना.

“चाचा, खर्ज गेला.”

“हं.”

“हं काय? गेला! घोडी वाया गेली! तुम्हीच म्हणालात, फिरव!”

“म्हणालो.”

“मागच्या हातालाच लागला होता तो. तुम्हाला ऐकू आलं नाही?”

“मला आलं.”

“मग अडवलं का नाहीत?”

चाचांनी बशी खाली ठेवली. आता पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुला आलं होतं?”

“आलं होतं,” विश्वजित म्हणाला.

“मग विचारलंस का?”

सहा वर्षं विश्वजित विचारतच आला होता. हा भोपळा घेऊ की तो? लाकूड अजून वाळू देऊ का? तार बदलू का? लोक म्हणायचे, एवढा तयार झाला तरी बघा कसा नम्र आहे. ऐकून त्यालाही बरं वाटायचं. खरी गोष्ट निराळी होती, आणि ती त्याला आत्ता, या मेलेल्या तारेपुढे बसल्यावर दिसली. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

“तुम्ही हो म्हणालात की… चुकलं तर माझं चुकत नाही.”

“आणि जमलं तर?”

“तर… माझं.”

“सोयीचं आहे,” चाचा म्हणाले, आणि किटलीतला उरलेला चहा त्यांनी बशीत ओतून घेतला.

रागवले असते तर परवडलं असतं. हे असं सहज म्हणून चहा पिणं जिव्हारी लागलं. विश्वजित उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

“आता नवी घोडी बसवू? का त्या कपाटातला तुमचाच तानपुरा बाईंपुढे ठेवायचा? पाच तासांत घोडी घासून चारही तारांची जवारी मी कधी काढलेली नाही. चाचा, काय करू?”

चाचा उठले. फळीवरच्या डब्यात कापूस होता. त्यांनी त्याचे दोन बोळे केले. एक डाव्या कानात घातला, एक उजव्या कानात. अंगठ्याने चांगले दाबून बसवले. मग पुन्हा उन्हात जाऊन बसले.

“चाचा!”

चाचा रस्त्यावरची शेळी बघत होते.

विश्वजितला हसावं की रडावं कळेना. ज्या कानासाठी मुंबई-पुण्याहून लोक येत, त्या कानात कापूस! आता या घरात ऐकणारा एकच उरला होता.

त्याने कपाट उघडलं. आतला तानपुरा हाताशी होता, झाकलेला, बिनचूक. तो पुढे ठेवला तर आजची अब्रू वाचत होती. हात त्याच्या गवसणीपर्यंत गेलाही.

मग त्याने कपाट लावून टाकलं आणि फळीवरून कोरी घोडी घेतली.

जेवण राहिलं. तहानेचंही भान राहिलं नाही. घासायचं, फुंकायचं, तार लावायची, ऐकायचं. पुन्हा तार सोडायची. दोनदा जीभ सवयीने “चाचा” म्हणाली. दोनदा त्याने कापसाकडे पाहिलं आणि गप्प बसला. पहिली, पंचमाची तार लागली. मधल्या दोन्ही तारा लागल्या. खर्ज उरला.

साडेतीनला खर्जही उघडला. सकाळइतका नाही. थोडा आत राहिला होता, अजून अंग मोकळं न झाल्यासारखा.

त्याने कानस उचलली.

बराच वेळ ती हातात राहिली. त्याने तार परत छेडली. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. मग कानस पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

वत्सलाबाई बरोब्बर चारला आल्या. साठीच्या बाई, बोलणं मोजकं. त्यांनी हात धुतले, तानपुरा मांडीशी घेतला आणि छेडायला लागल्या. विश्वजित भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चाचा दारात तसेच, कापसासकट.

बाईंनी एक षड्ज लावला. खोली भरून गेली.

बाई थांबल्या. खर्जाची तार त्यांनी एकटीच वाजवली. पुन्हा एकदा वाजवली.

“छान आहे. पण खर्ज किंचित बंद आहे, नाही? कानशीचा एक हात फिरवून द्या. मग लगेच नेते मी.”

हे बोलताना त्या अर्थातच चाचांकडे बघत होत्या. चाचा हलले नाहीत.

विश्वजितचा हात खिशाकडे गेला. लगेच नेते, म्हणाल्या होत्या. एक हात, बस्स. पट्टी, नाव, सगळं त्या एका हाताच्या अंतरावर होतं.

“नको, बाई,” तो म्हणाला.

बाईंनी वळून पाहिलं. हा कोण मधेच बोलणारा, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं.

“नको म्हणजे?”

“तो मुद्दाम तेवढा ठेवलाय. आठ-पंधरा दिवस वाजवलात की आपला आपण उघडेल. आत्ता घासला तर आज गोड लागेल, आणि मग सूर लवकर पातळ होईल. मी नाही फिरवणार हात. तसाच न्यायचा नसेल तर राहू द्या.”

बाईंच्या कपाळावर आठी होती. मांडीवरचा तानपुरा मात्र त्यांनी खाली ठेवला नव्हता.

“दस्तगीरभाई,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “हा तुमचा शिष्य काय म्हणतोय? तुम्ही सांगा. बरोबर आहे का?”

चाचांनी डाव्या कानातला बोळा काढला. मग उजव्या कानातला. दोन्ही तळहातावर घेऊन ते बाईंना दाखवले.

“मी कुठे ऐकलाय, बाई?” ते म्हणाले. “विश्वा… ती खिशातली पट्टी लाव आधी.”