मुंगसाचं दोराशी भांडण

फार जुनी गोष्ट आहे मंडळी, गोदामातली जनावरं आपल्यापेक्षा नीट बोलायची तेव्हाची. एका गुळाच्या गोदामाची राखण ढब्बू नावाचा मुंगूस करायचा. एकदा त्याने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार मारली आणि तेव्हापासून त्याचं डोकंच फिरलं. तिथल्या घंटेच्या दोरावरही तसंच पट्ट्यापट्ट्यांचं कापड गुंडाळलेलं होतं. दोर दिसला की हा चावलाच! कापड फाटलं, दोर विरला. गाडी जोडायची वेळ झाली की गोदामातली मांजर पुढून दोर ओढायची, पण कितीही ओढला तरी मागच्या गोठ्यातली घंटा कधी वाजे, कधी नाही. बैलांना गाडीची वेळ कळेना आणि गूळ जागेवरच पाझरू लागला.

"हाकलून द्या मेल्याला!" मांजर फणकारली.

"मग पुढची मण्यार तू मारशील का गं बाई?" शेळीने विचारलं. मांजर मिश्या पुसू लागली.

शेळीने त्या कापडाची एक चिंधी उचलली आणि रोज ढब्बूला खायला ठेवलेल्या अंड्याखाली अंथरू लागली. पहिल्यांदा तो चिंधीवरच धावून गेला.

"आधी जेव रे बाबा, भांडण कुठे पळून जातंय?"

जेवता जेवता त्याला चिंधीचा वास ओळखीचा झाला. तोवर सुगरण पाखराने विरलेला दोर सांधून तसल्याच कापडाच्या पट्ट्या दोरावर नव्याने गुंडाळल्या आणि घंटा खणखणीत वाजू लागली.

एका संध्याकाळी दोराशेजारून खरीच मण्यार सरपटत आली. मांजर केव्हाच फळीवर चढली होती. ढब्बूने दोर हुंगला, "जरा सरक रे गड्या," म्हणाला, आणि त्याच्यावरून उडी मारून मण्यारीची मान धरली.