किल्लीवरचा हात

"परत उघडू?" यास्मिननं विचारलं.

"परत उघड," पांचाळ मिस्त्री म्हणाले.

"चौथ्यांदा?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. पालथ्या क्रेटवर बसून ते कुठल्याशा लोखंडी तुकड्यावर कानस चालवत होते.

"कार्बोरेटर हाय. उघड."

आटपाडीहून दिघंचीकडं जाणाऱ्या रस्त्याला धोंडीराम पांचाळांचं गॅरेज होतं. वर पत्रा, पुढं एक कडुनिंब, एवढंच. पण चाळीस वर्षांत मिस्त्रींचा शब्द खोटा पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. इंजिनाचा आवाज कानावर पडला की दुखणं ओठावर, अशी त्यांची ख्याती.

यास्मिन शिकलगार चार वर्षांपूर्वी इथं आली. बाप गावोगाव सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचा, त्यामुळं लोखंडाचं भय तिला कधीच नव्हतं. हात चांगला होता. आणि तो चांगला आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. यास्मिननं जोडलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, असं ती स्वतःच लोकांना सांगायची.

पण ही जीप काही तिला दाद देत नव्हती.

जीप जनावरांचे डॉक्टर व्हनमाने यांची. जुनी, पेट्रोलवरची. परवा दोरखंडानं ओढत आणली होती. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, आणि "झाली सुरू" म्हणेपर्यंत बंद पडलेली असायची. दहादा फिरवा, दहादा तेच.

मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, कार्बोरेटर. यास्मिननं तो उघडला, धुतला, फुंकला, बसवला. जीप बंद पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आज सकाळी तिसऱ्यांदा.

मिस्त्रींना उलट बोलायचं नाही, हे तिला आल्या दिवशीच सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. तिच्या आधी तुकाराम गेजगे नावाचा एक जण इथं शिकत होता. एके दिवशी तो मिस्त्रींना "नाही" म्हणाला आणि संध्याकाळच्या आत पिशवी घेऊन घरी गेला.

तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

तेवढ्यात भर दुपारच्या उन्हात कुणाची तरी मोटारसायकल घेऊन डॉक्टर आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

"मिस्त्री, झाली का गाडी? खरातवस्तीवर खिलार गाय अडलीय. सकाळपासून कळा देतीय."

"मोटारसायकल हाय की," मिस्त्री म्हणाले.

"पेटी, दोर, सलाईनचे खोके… आणि वासरू ओढायला दोन माणसं न्यायचीत. एवढं मोटारसायकलवर कुठं बांधू? दुसरी गाडी मागितली, तर तिकडच्या दगडात घालायला कुणी तयार नाही."

"अर्धा तास. पोरगी कार्बोरेटर उघडतीय."

यास्मिननं हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडं पाहिलं. मग तो बॉनेटवर ठेवला.

"नाही."

कानस थांबली.

"काय म्हणालीस?"

"मी कार्बोरेटर उघडणार नाही."

डॉक्टर एकदा तिच्याकडं, एकदा मिस्त्रींकडं बघू लागले.

आता "चालती हो" ऐकायचं, एवढंच उरलं होतं. पिशवी कुठल्या खिळ्याला लावलीय तेही यास्मिनला आठवून गेलं. पण तिनं नजर खाली घातली नाही.

"कारण?" मिस्त्रींनी विचारलं.

हा शब्द तिच्या हिशेबात नव्हता. तुकारामालाही हाच शब्द विचारला होता आणि त्याच्याकडं उत्तर नव्हतं, हे तिला फार पुढं कळलं. तेवढा भाग लोक सांगायचं विसरले होते.

"पेट्रोल न मिळून मरणारं इंजिन आचके देतं," ती म्हणाली. "हे आचके देत नाही. फुंकर घातलेल्या दिव्यागत जातं. आणि बंद पडल्यावर कार्बोरेटरची वाटी उघडली, तर पेट्रोल काठोकाठ. तिन्ही येळंला."

"तिन्ही येळंला बघितलंस?"

"व्हय. तिन्ही."

"मग तिन्ही येळंला धुतलास कशाला?"

यास्मिनचे कान तापले.

"तुम्ही म्हणालात म्हणून."

मिस्त्रींनी कानशीवरचा कीस फुंकून टाकला. याचाच तिला जास्त राग आला.

"तीन दिवस मी एकच इचारतीय, ही बंद का पडती. आज सकाळी वाटलं, उलटं इचारावं. ही सुरू का होती? सुरू होती म्हणजे त्या घडीला हिला सगळं मिळतंय. मग पुढच्या घडीला असं काय बदलतं?" तिनं जीपचं दार उघडून धरलं. "बसा आत."

"मी?"

"तुम्हीच. माझ्या सांगण्यावर नका जाऊ. तुमच्या हातानं बघा."

गुडघ्यावर हात टेकून मिस्त्री उठले. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मिस्त्री सीटवर बसले.

"फिरवा किल्ली. पण सोडू नका. तशीच दाबून धरा."

इंजिन पेटलं. स्टार्टर त्याच्यासोबत करकरत राहिला. ऐकवत नव्हतं. सवयीनं मिस्त्रींचा हात सैल पडायला लागला.

"सोडू नका!" यास्मिन ओरडली.

मिस्त्रींवर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. त्यांनी किल्ली धरून ठेवली. इंजिन चालत राहिलं. यास्मिन मनात मोजत होती, दोन… तीन… चार…

"आता सोडा."

किल्ली मागं आली आणि इंजिन मेलं.

"तुमचा हात किल्लीवर हाय तवर ही जगती," यास्मिन म्हणाली. "हात काढला की मरती. मिस्त्री, तुमचा हात कुठं हाय हे कार्बोरेटरला कसं कळतं?"

यास्मिननं वायरीचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीला, दुसरं ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला. किल्ली दाबलेली असताना कॉइलला करंट एका वाटेनं येतो, सोडली की दुसऱ्या वाटेनं. ती दुसरी वाटच कुठंतरी तुटली असणार.

"फिरवा. आणि सोडा."

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. सोडली. मग दोन्ही हात उचलून तसेच हवेत धरले, जणू चुकून कशाला धक्का लागू नये.

इंजिन चालत होतं. एका लयीत.

दोष बोटाएवढ्या एका पट्टीत निघाला. पांढऱ्या चिनीमातीची पट्टी, तिच्यातली तार आतल्या आत तुटलेली. कॉइलकडं जाणारी दुसरी वाट तिच्यातूनच होती. शेडमागं भंगारात पडलेल्या जीपची तशीच पट्टी यास्मिननं काढून आणली आणि दहा मिनिटांत बसवली. डॉक्टर पेटी, दोर, खोके घेऊन धुरळा उडवत गेले.

यास्मिननं हात पुसले. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं. मिस्त्रींनी शाब्बास म्हणावं, असंही वाटत होतं. ते पुन्हा कानस घेऊन बसले.

चारच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला. गाय वाचली होती. वासरू गेलं होतं.

"तासभर आधी पोचलो असतो तर…" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

यास्मिन मिस्त्रींपुढं जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते, पण आवाजाला धार होती.

"खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं ना? माझी परीक्षा बघत होता?"

"नाही."

"मग?"

"मला कार्बोरेटरच वाटत होता." मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. "चुकलो."

चार वर्षांत हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. यावर रागवायचं कसं, तेच तिला कळेना.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"बोललीस कधी?"

"दुपारी," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली.

मग रस्त्यावरनं खडखडत एक टेम्पो आत आला. ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "मिस्त्री, चढाला ओढत नाही बघा."

मिस्त्रींनी डोळे मिटून आवाज ऐकला.

"क्लच गेलाय."

यास्मिननं डोळे पुसले. पान्यांच्या पेटीपाशी जाऊन तिनं झाकण उघडलं, आत हात घातला.

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिले…

"क्लच गेलाय," ते पुन्हा म्हणाले, "असं मी म्हणतोय."