नवं कडं

होड्यांना नुकती कुठे इंजिनं लागू लागली होती, तेव्हाची गोष्ट. होडी हाकणाऱ्या गोवर्धन तांडेलाच्या इंजिनात दोन गिअर होते, एक पुढे नेणारा आणि एक मागे. मधलं दातेरी कडं सरकून ज्याला धरी, त्या दिशेला होडी जाई. ते कडं झिजून गेलं आणि त्याच्या जागी नवं आलं.

“टोचतंय की हे!” पुढचा गिअर कुरकुरला. “आपलं जुनं होतं ते कसं अलगद धरायचं. नवरदेवा, जरा दमानं!”

नवं कडं वरमलं. ते अलगद धरू लागलं आणि सटकू लागलं.

एकदा खाडीच्या तोंडाशी लाटेने होडी खडकाकडे लोटली. “अवो, मागं घ्या, मागं!” टोपल्या धरून बसलेली तांडेलीण ओरडली. तांडेलाने गिअरचा दांडा ओढला. कडं सटकलं. खडक हातभर उरला.

“मी ते जुनं नाही,” कडं म्हणालं, “पण त्याचं काम आता माझं आहे.” त्याने मागच्या गिअरात खाडकन दात रोवले. होडी थरथरली आणि मागे सरली.

“केवढ्यानं रुतलं!” पुढचा पुटपुटला.

“आपलं जुनंही पहिल्या दिवशी असंच रुतलं होतं,” मागचा ताठ मानेने म्हणाला. “विसरलास?”