वणवोबा जिंकला की डोहोबा

"पण शेवटी जिंकलं कोण, बुवा?"

मालजीबुवा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी आणखी एक फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल सुपात ठेवलं.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले.

हैबतीला हे उत्तर नको होतं. सकाळपासून तो हेच विचारत होता आणि बुवा आपले निवांत शेंगा खात होते. बुवांचं काय जातंय म्हणा. ऊन उतरलं की जत्रेसाठी नदीकाठी दोन्ही वाड्या जमणार होत्या, आणि कथा सांगायला उभं राहायचं होतं हैबतीला.

कथा तशी साऱ्यांना पाठ. पृथ्वीवर काहीच नव्हतं तेव्हा दोनच देव होते, वणवोबा आणि डोहोबा. एक आगीचा, एक पाण्याचा. एकानं पेटवावं, दुसऱ्यानं विझवावं. एकानं भरावं, दुसऱ्यानं आटवावं. युगानुयुगं ही मारामारी चालली आणि दोघंही पार दमले. पण थांबायचं कसं? कोण जिंकलं हे सांगायला तिसरं कुणी नव्हतंच. मग डोहोबानं चिखल दिला, वणवोबानं ऊब दिली आणि दोघांनी मिळून एक बाहुली केली. बाहुलीत जीव आला, तिनं डोळे उघडले. तोच पहिला माणूस. आणि ते दोन आडदांड त्याच्यावर ओणवे होऊन विचारते झाले, बोल, कोण जिंकलं?

कथा इथं थांबते. दर जत्रेला इथंच थांबते. सांगणारा कथा सांगता सांगता दोन्ही वाड्यांची माती एकत्र मळतो, तिची बाहुली करतो, तिला डोळे काढतो, कान काढतो. तोंड काढत नाही. तशीच ती नदीत सोडतो, गूळखोबरं वाटतात आणि माणसं आपापल्या घरी जातात.

पण गेल्या जत्रेत पालखी आधी कुणाची यावरून काठ्या निघाल्या. वरली वाडी वणवोबाची, खालची डोहोबाची. त्या धुमश्चक्रीत हैबतीच्या दाजींचा डावा डोळा गेला. दाजी खालच्या वाडीचे. काठी होती हैबतीच्या बापाची, म्हणजे वरल्या वाडीची. तेव्हापासून बहिणीनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता.

मग दोन्ही वाड्यांनी बसून ठरवलं, यंदा कथा पुरी करायची. जो देव जिंकला त्याची पालखी कायमची पुढं. आणि नेमका यंदाच बुवांनी आवाज बसला म्हणून डफ हैबतीच्या हाती दिला. तेव्हा हा गडी किती फुगला होता ते काय सांगावं. नवा फेटा बांधून दोन्ही वाड्यांतून मिरवून आला होता.

आता फेटा खुंटीवर होता आणि गडी घामानं भिजला होता.

"तुम्हाला ठाऊक आहे," हैबती म्हणाला. "मला सांगत नाही तुम्ही."

"माझे गुरू इथंच थांबायचे. मीही थांबलो."

"मला थांबता येत नाही ना आता."

"का?"

हैबतीसमोर पाटावर माती होती. सकाळीच दोन्हीकडून एकेक टोपली आली होती, वरली तांबडी, खालची काळी. सरावाला म्हणून त्यानं त्यातली थोडी मळून बाहुली केली होती. तिचे कान तो उगाच चिमटीत दाबत राहिला.

"मी सांगून बसलोय, बुवा."

"काय?"

"वरल्या वाडीच्या कोंडाजीनं जेवायला बोलावलं होतं. म्हणाला, शेवट काय ते आधी कळू दे, म्हणजे पोरांना आवरता येईल. पाच-सहा जण भोवती बसलेले. मला भ्या वाटलं. म्हणालो, वणवोबा जिंकला."

"बरं."

"मग खालच्या वाडीच्या ठकूबाईनं बोलावलं..."

बुवांचा शेंगेवरचा हात थांबला.

"तिला काय सांगितलंस?"

"डोहोबा."

"दोघांना?"

"दोघांना."

बुवांनी हातातली शेंग न फोडताच बाजूला ठेवली. हैबतीला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"ऐकून काय केलं त्यांनी?"

"खूश झाले. कोंडाजीनं पाठीवर हात फिरवला. ठकूबाईनं तर दृष्ट काढली माझी."

बुवांनी हात पुढं केला. हैबतीला आधी कळलं नाही, मग त्यानं बाहुली त्यांच्या हातावर ठेवली.

बुवांनी नखानं तिला एक तोंड काढलं. पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलं नव्हतं ते म्हातारा शेंगा खाता खाता करून बसला. मग बुवांनी बाहुली फिरवली आणि मागच्या बाजूला, मानेच्या वर, दुसरं तोंड काढलं.

बाहुली पाटावर ठेवून ते पुन्हा शेंगांकडे वळले.

हैबती बघत राहिला.

"म्हणजे पहिल्या माणसानं..."

"हं."

"दोघांना वेगवेगळं सांगितलं?"

"हळूच. एकेकाच्या कानात."

"का?"

"तुला का वाटलं सांगावंसं?"

हैबतीनं मान खाली घातली. भीतीनं, हे तो आधीच बोलून चुकला होता.

"मग देवांनी काय केलं?"

"खूश झाले आणि गेले. एक वर आभाळात, एक खाली पाताळात. दोघं परत भेटू नयेत म्हणून माणूस तेव्हापासून दोन्हीकडे हात जोडतोय. लोक त्याला भक्ती म्हणतात."

हैबतीच्या जिवात थोडा जीव आला. म्हणजे आपण काही जगावेगळं केलं नाही. मुळातच माणूस असा. हा शेवट रंगवून सांगता येईल, लोक हसतील, हसता हसता निभावून जाईल...

"मग हेच सांगतो, बुवा."

"सांग. देव दोन दिशांना गेले. कोंडाजी आणि ठकूबाई कुठं जातील?"

हैबतीचा चेहरा उतरला. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. त्यांचा पाणवठा एक, मसणवटा एक.

नदीकडून ढोल ऐकू आला. वरल्या वाडीचा. पाठोपाठ खालच्या वाडीचा, मुद्दाम त्याच्यावर ताण करून. दोन्हीकडून जिंकल्याच्या आरोळ्या. दोन्हीकडची माणसं खुशीत येत होती, आणि खुशीतली माणसं काठ्या घेऊन येत होती. त्यात हैबतीचा बाप असणार होता. एका डोळ्याचे दाजीही असणार होते. हैबतीची पाचावर धारण बसली.

"बुवा, मागच्या दारानं ओढ्याची वाट आहे ना?"

"आहे. पहिला माणूसही पळालाच होता."

हैबती उठला. मागच्या दारापर्यंत गेला, कडी काढली. ओढा मोकळा होता, पलीकडे रान होतं, कुणी अडवणारं नव्हतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मी गेलो तर ते एकमेकांना विचारतील," तो म्हणाला.

"विचारतील."

"कोंडाजी म्हणेल, आम्हाला सांगितलंय. ठकूबाई म्हणेल, आम्हाला सांगितलंय."

"म्हणतील."

"मग..."

हैबतीला पुढचं दिसत होतं. दाजींचा एकच डोळा राहिला होता.

ढोल आता दोन्हीकडून एकाच जागी आले होते. कुणीतरी हैबतीच्या नावानं हाक मारली. कोण मारतंय, कुठल्या वाडीचं, ते त्या गोंगाटात कळेना.

त्यानं कडी परत लावली. खुंटीवरचा फेटा तिथंच राहू दिला. डफ उचलला. मग तोही खाली ठेवला आणि नुसत्या हातांनी पुढच्या दाराशी गेला.

"दोघांना खोटं बोललो, हे सांगू?"

"कथा तुझ्याकडे दिलीय मी. मला काय विचारतोस?"

"दोन्हीकडून मारतील मला, बुवा."

"मारतील," बुवा म्हणाले. "दोन्ही वाड्यांनी मिळून केलेलं ते पहिलं काम असेल."