तळातला दाणा

कागद हातानं बनत होता आणि पत्र माणसाच्या पायानं जात होतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पोटात एक गाव होतं. गावात लिहिता येणारा माणूस एकच. त्याला सगळे पंत म्हणत.

वर्षातून दोनदा पत्रं नेणारा हरकारा यायचा. खांद्याला थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी. घुंगरू वाजलं की बायका पिठाचे हात घेऊन तशाच पळत सुटायच्या. आता पत्रासाठी असं कुणी पळत नाही. जाऊ दे.

थैली लहान आणि घाट मोठा, म्हणून नियम होता: एका घराचा एकच कागद, तोही तळहाताएवढा. त्यात मावेल तेवढंच लिहायचं. पाच-सहा वाक्यं, बस.

एवढीशी जागा मिळाल्यावर माणसानं आधी डोकं खाजवावं की नाही? पण पंतांना घमेंड हाताच्या वेगाची. समोरच्याचं निम्मं ऐकायच्या आत यांचा बोरू शाईत. हरकाऱ्याचं ताक पिऊन होईस्तोवर पाच पत्रं तयार. अक्षर बघत राहावं असं. आणि मजकूर? 'इकडील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवावी. पाऊसपाणी बरे. लोभ असावा.' एकदा कुंभाराचं पत्र तेल्याच्या व्याह्याला गेलं आणि तेल्याचं कुंभाराच्या व्याह्याला. दोघांचीही उत्तरं आली. चूक कुणाच्या ध्यानातसुद्धा आली नाही!

त्याच गावात धुरपा नावाची बाई होती. लोकांचं धान्य पाखडून द्यायची. नवरा वारलेला. एकच मुलगी, तिचं लग्न ठरलं. रीत अशी, की मामानं भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचं. मामा होता, रावजी. पण नऊ वर्षांमागं तो बहिणीशी भांडून घाटाखाली निघून गेला, तो परत आलाच नाही. आणि पोरगी हट्टाला पेटलेली.

"दुसऱ्या कुणाचा हात धरून मी बोहल्यावर जाणार नाही," ती म्हणाली. "माझा मामा जिवंत आहे."

धुरपानं मागं तीन पत्रं धाडली होती. तिन्हींना उत्तर आलं, 'इकडील सर्व खुशाल.' माणूस काही आला नाही. आणि लग्नाआधीची हरकाऱ्याची ही शेवटची फेरी.

ती कामावरून तशीच पंतांकडं आली, काखेत सूप. "रावजीला लग्नाचं कळवायचंय," एवढंच म्हणाली. बसेपर्यंत पंतांनी पत्र लिहून वर शाई सुकवायला वाळूसुद्धा टाकली.

"वाचा की," धुरपा म्हणाली.

पंतांनी वाचलं. "चिरंजीव रावजी यास आशीर्वाद. कन्येचे लग्न योजिले आहे. तरी अगत्य येऊन कार्यास शोभा आणावी. लोभ असावा."

"मागं पाटलांच्या घरी लग्न झालं, तेव्हा काय लिहिलं होतंत?"

"हेच. लग्नाचं पत्र असंच असतं."

"मग हा कागद माझ्या भावाला गेला काय आणि हरकारेदादाच्या मेव्हण्याला गेला काय!"

ओसरीवर ताक पीत बसलेल्या हरकाऱ्यानं मिशी पुसली. "माझ्या मेव्हण्याला नका धाडू, आक्का. तो लगेच येईल आणि महिनाभर हलणार नाही."

पंत चिडले. "धुरपे, सकाळपासून सतरा पत्रं लिहिलीत मी. कुणाची तक्रार नाही. तुला काय वेगळं लिहायचंय, सांग."

"रावजी, तू ये..." धुरपा म्हणाली आणि अडकली. पुढं काही सुचेना.

"बघ. तेच मी लिहिलंय."

धुरपाची नजर सुपावर गेली. मग म्हणाली, "पंत, बैलाच्या पाठीवर हलत हलत पोतं येतं. तोंड सोडलं की वर काय दिसतं?"

"धान्य. आणखी काय?"

"कोंडा. हलकं असतं ते वर येतं. वजनाचं असतं ते खाली बसतं. म्हणून आधी सगळं पोतं ओतायचं आणि मग सूप धरायचं. तुम्ही वरची मूठ उचलता आणि तीच शिजवता."

भिंतीला एक धूळपाटी टेकलेली होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत बोटानं अक्षर ओढायचं आणि पुसायचं. पंत लहानपणी तिच्यावरच शिकले होते, पण मोठेपणी त्यांनी तिला हात लावला नव्हता. धुरपानं ती आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"बोरू ठेवा खाली. मी बोलते, तुम्ही एकेक शब्द ओढा. चांगलं-वाईट आत्ता बघायचं नाही."

"ऊन त्या टेकडीवर चढलं की मी निघालो," हरकाऱ्यानं बजावलं. "मग रडलात तरी थांबणार नाही."

धुरपा बोलायला लागली. "त्याला आंबोळ्या आवडतात. पुढचा एक दात पडलाय. विहिरीत उडी मारायचा आणि मलाच हाका मारायचा. गाईला भ्यायचा."

पंतांचं बोट चाललं. आंबोळी, दात, विहीर, गाय. "झालं? लिहू आता?"

"अजून वरचंच आहे. हुतुतू खेळताना त्याचा पाय मोडला. मी पाठंगुळी घेऊन वैदूकडं गेले. वाटेत काय शिव्या दिल्या मला!"

"शिव्यासुद्धा ओढू?"

"ओढा. पाखडताना जातील."

फळी भरत आली. हरकारा उठून पागोटं बांधायला लागला.

"आणि फणस," धुरपा हळूच म्हणाली. "आईनं लावलेला. त्यानं न विचारता तोडला. मी भर चावडीत म्हणाले, आजपासून मला भाऊ नाही. तो गेला. मग कळलं, माझ्या घराच्या छपराची तुळई वाकली होती, तिच्यासाठी तोडला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही."

पंतांनी 'फणस' ओढलं.

"आणि माझं लग्न. मला मामा नव्हता. राव्या सात वर्षांचा, तोच मामा झाला. कुणाला दिसेना, म्हणून धान्य मापायची पायली पालथी घालून तिच्यावर उभा केला. लग्न लागलं तरी माझा हात सोडेना. बापानं एकेक बोट उचलून सोडवला." तिनं डोळ्याला पदर लावला. "इतकी वर्षं हे आठवलंच नव्हतं, बघा."

मग तिनं हात फिरवून आंबोळी पुसली, दात पुसला, विहीर, गाय, शिव्या, सगळं पुसलं. दोनच शब्द ठेवले: 'फणस' आणि 'पायली'.

"एवढी मेहनत फुकट?" पंत कळवळले.

"फुकट कशी? त्याच्या खालीच हे होतं."

घराला कागद एकच, तो तर लिहून झालेला. पंतांनी तो पालथा केला आणि पाठीवर लिहिलं:

'राव्या, फणस तू माझ्या तुळईसाठी तोडलास. मी न विचारता बोलले, चूक माझी. माझ्या लग्नात तू पायलीवर उभा राहून माझा मामा झालास आणि हात सोडत नव्हतास. आता माझी पोर तुझ्याशिवाय कुणाचा हात धरत नाही. ये.'

पंतांना शेवटी 'लोभ असावा' घालायचं होतं. जागा उरली नाही. ऊन टेकडीवर चढलं आणि हरकारा गेला.

लग्नाचा दिवस उजाडला. हळद लागली, वाजंत्री आले, मामाचा पत्ता नाही. शेजारचा एक भला माणूस मामा व्हायला अंघोळ करून तयार बसला. पोरगी खोलीत कडी लावून बसली. नवऱ्याकडची माणसं कुजबुजू लागली.

तेवढ्यात अंगणात एक माणूस आला. डोक्यापासून धुळीनं भरलेला, पुढचा दात नाही. धुरपानं त्याच्या पायावर पाणी घातलं. बोलायचं ते लिहून झालं होतं. तो सरळ खोलीच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "ए पोरी, मुहूर्त टळतोय. हात दे."

कडी निघाली.

जेवणाच्या पंगतीत पंत रावजीच्या शेजारी बसले. त्यांना राहवेना. "आधी तीन पत्रं धाडली होती. तेव्हा का नाही आलात?"

"तुम्हीच लिहिता होय? अक्षर झकास आहे," रावजी म्हणाला. "याही वेळी मी पुढची बाजू वाचली आणि कागद चुलीकडं भिरकावला. तो पालथा पडला, म्हणून मी इथं आहे."



तात्पर्य एवढंच: पहिल्या झटक्याला सुचतं ते कुणालाही सुचतं. लिहिण्याआधी मन तळापर्यंत ओता, मग निवडा.